समलिंगी विवाहाला विरोध : कुणाचा आणि कशापोटी?

समलिंगी विवाहाच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे १८ एप्रिल २०२३ रोजी सुनावणी सुरू झाली. त्या वेळी विरोध करणाऱ्यांत जी मंडळी एकत्र आली होती, ती एरवी एका सतरंजीवर बसणारी नव्हेत. केंद्र सरकार होते, जमियत उलमा-ए-हिंद होती, अखिल भारतीय संत समिती होती, तेलंगणातील शिया उलेमांची मरकजी कौन्सिल होती, राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगही होता. न्यायालयाबाहेर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने आपला विरोध आधीच जाहीर केला होता. सुनावणी चालू असतानाच, २३ एप्रिलला, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव करून हा विषय न्यायालयाने नव्हे, तर संसदेने हाताळावा असे सांगितले.

ते दिवस रमजानचे होते. मेहकरहून लोणारला जाताना लागणाऱ्या आमच्या सुलतानपुरात तरावीहनंतर घोळक्यात हा विषय कधी निघालाच, तर 'जमियत लढते आहे' एवढ्यावर संपत असे. जमियत काय म्हणते आहे, सरकार काय म्हणते आहे आणि दोघांचे म्हणणे एकच आहे का, हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. मला वाटते, ती गरज आहे. विरोध करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण आपला विरोध कशातून येतो हे ज्याला ठाऊक नसते, त्याचा विरोध दुसराच कोणी वापरून घेतो.

प्रथम श्रद्धेचा भाग. आपल्या वाचकांना तो सांगण्याची फारशी गरज नाही. कौमे लूतचा किस्सा कुरआनात अनेक ठिकाणी आला आहे आणि सर्व मस्लकांच्या फुकहांनी त्यातून काढलेला अर्थ जवळपास एक आहे. अलीकडे अमेरिकेतील स्कॉट सिराजुल हक कुगल यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या आयतींचा वेगळा अर्थ लावून पाहिला, परंतु उलेमांच्या मोठ्या वर्तुळाने तो मान्य केलेला नाही. निकाह हा पुरुष आणि स्त्री यांच्यामधला करार आहे. ईजाब-ओ-कुबूल, मेहर, दोन साक्षीदार, हे सारे त्या गृहीतावर उभे आहे. ज्या मुसलमानाचा विरोध इथून येतो त्याचा विरोध प्रामाणिक आहे, आणि त्याला मागासलेला म्हणून निकालात काढणे हा उद्धटपणा आहे. माझ्यापुरते म्हणाल, तर निकाहाच्या व्याख्येबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

पण गंमत पुढे आहे. मार्च २०२३ मध्ये संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी संघाची भूमिका मांडली. हिंदू जीवनात विवाह हा संस्कार आहे, तो करार नव्हे, म्हणून तो स्त्री-पुरुषांमध्येच होऊ शकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. म्हणजे एक म्हणतो, विवाह हा करार नाही म्हणून नको. दुसरा म्हणतो, विवाह हा करारच आहे, पण त्यातले पक्ष ठरलेले आहेत म्हणून नको. पाया अगदी उलटा आणि निष्कर्ष एकच! सरकारचे प्रतिज्ञापत्र तर तिसऱ्याच वाटेने गेले. १२ मार्चला त्याने पती, पत्नी आणि मुले या भारतीय कुटुंबाच्या कल्पनेचा आधार घेतला. एप्रिलमधल्या दुसऱ्या प्रतिज्ञापत्रात ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे म्हटले. आणि सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी न्यायालयात हिशेब मांडला की, कायद्यातल्या सुमारे १६० तरतुदींना धक्का लागेल. हा शेवटचा मुद्दा धर्माचा नाही, नैतिकतेचाही नाही. पोटगी कुणी कुणाला द्यायची, वारस कोण, 'पत्नी' या शब्दाचे काय करायचे, असा तो कारकुनी प्रश्न आहे, आणि कारकुनी प्रश्न लहान नसतात. खुद्द न्यायाधीशांना याच प्रश्नांनी अधिक अडवले.

'शहरी उच्चभ्रू' हा आरोप मात्र फार टिकला नाही. शेतात राबणारी खेड्यातली बाईसुद्धा अशी असू शकते, असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी निकालात लिहिले. आपल्या विदर्भाला ते सांगावे लागू नये. २०१७ च्या डिसेंबरअखेर यवतमाळसारख्या गावात तिथल्याच एका तरुणाने आपल्या जोडीदाराशी विवाहसोहळा केला, त्याच्या बातम्या देशभर गेल्या. पाश्चात्त्य आयातीचा आरोपही तपासून पाहावा. जमियतने न्यायालयात ही कल्पना पाश्चात्त्य असल्याचे मांडले. पण असल्या संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ तरी कुठले होते? १८६० साली इंग्रजांनी केलेल्या आणि १८६२ पासून लागू झालेल्या संहितेतले. फिकहच्या किताबांत त्याचा मागमूस नव्हता. ते कलम वाचवण्यासाठी मात्र आपली मंडळी आधीही धावली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अपील करणाऱ्यांत सुरेशकुमार कौशल नावाचे ज्योतिषी होते, चर्चच्या संघटना होत्या आणि ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. ११ डिसेंबर २०१३ ला ते जिंकले, ६ सप्टेंबर २०१८ ला हरले. ज्योतिषी आणि उलेमा एका बाजूला, हे दृश्य आपल्या इतिहासात फारदा दिसत नाही.

विरोधाची कारणे शोधायची असतील तर २०२३ मध्येच घुटमळून चालणार नाही. या महाराष्ट्रात लग्नाच्या कायद्यांवरून दीडशे वर्षे भांडणे होत आली आहेत आणि त्यातले एक पान आमच्या बुलढाण्याचे आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेचे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. कायदा होऊन पंचवीस वर्षे लोटली तरी विधवेला लग्न करू न देणारे कोण आणि त्यांचा त्यात लाभ काय, हा ताराबाईंचा प्रश्न होता. धर्माचे नाव पुढे करणाऱ्यांच्या मागे पुरुषांची सोय कशी उभी असते, हे त्यांनी झणझणीत मराठीत मांडले. पुढे त्यांनी दुसरे पुस्तक लिहिल्याचे आढळत नाही.

त्यानंतर नऊ वर्षांनी संमतिवयाचा वाद पेटला. मुलीच्या शरीरसंबंधाचे किमान वय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ च्या मार्चमध्ये झाला. लोकमान्य टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. टिळकांना बालविवाह प्रिय होते म्हणून? नव्हे. १८९० मध्ये त्यांनीच सुधारकांना आव्हान दिले होते की, मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करणार नाही, असे स्वतःला बांधून घ्या. म्हणजे त्यांनी सुचवलेले वय सरकारच्या वयापेक्षा जास्त होते. त्यांचा आक्षेप वयाला नव्हता. परक्या सरकारने आमच्या घरात पाय का ठेवावा, याला होता.

आता १९२९ कडे या. सारडा कायद्याने लग्नाचे किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरवले. जमियत उलमा-ए-हिंदने त्याला विरोध केला. बॅरिस्टर जीना यांनी मात्र कायदेमंडळात पाठिंबा दिला. जमियतच्या बुजुर्गांना लहान मुलींची लग्ने लावायची हौस होती का? तीही नव्हती. गैरमुस्लिमांचे बहुमत असलेल्या कायदेमंडळाने शरीअतच्या बाबीत एकदा हात घातला, तर उद्या तो कुठवर जाईल, ही धास्ती होती. टिळक आणि जमियतचे उलेमा यांच्यात चाळीस वर्षांचे आणि दोन धर्मांचे अंतर आहे, तरी युक्तिवाद एकच. शाळेत इतिहास शिकवताना आपण एकाला राष्ट्राभिमान म्हणतो आणि दुसऱ्याला कट्टरपणा. दोघांनाही एकच माप लावले पाहिजे. त्या मापातून हेही सुटू नये की, दोन्ही वेळा जिच्याबद्दल भांडण होते त्या मुलीला कोणी काही विचारले नाही.

ज्या कायद्याखाली २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांनी नोंदणी मागितली, त्या विशेष विवाह कायद्याचा जन्मही असाच आहे. १८६८ मध्ये सर हेन्री मेन यांनी सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदणी विवाहाचे विधेयक आणले. सनातन्यांचा आणि प्रांतिक सरकारांचा इतका विरोध झाला की, १८७२ मध्ये जेव्हा कायदा झाला तेव्हा त्यात अट आली : लग्न करणाऱ्याने आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, यहुदी, बौद्ध, शीख वा जैन धर्म मानत नाही असे लिहून द्यावे. धर्म सोडा आणि मग लग्न करा! नागपूरला वकिलीत नाव काढलेल्या हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची या अटीतून सुटका झाली. मुसलमानांची झाली नाही. आपल्याला धर्म न सोडता या कायद्याखाली लग्न करता येऊ लागले ते १९५४ च्या कायद्याने, म्हणजे १ जानेवारी १९५५ पासून.

हा कायदा ऐच्छिक आहे. नको त्याने तिकडे फिरकू नये. मग ऐच्छिक कायद्याला विरोध का होतो? याचे उत्तर १९७२ च्या दत्तक विधेयकात सापडते. तेही कुणावर सक्ती करणारे नव्हते. तरीही समान नागरी कायद्याची ती पहिली पायरी आहे, असे आपल्या नेतृत्वाला वाटले. २७ आणि २८ डिसेंबर १९७२ रोजी मुंबईत मोठे अधिवेशन भरले आणि त्यातूनच पुढल्या एप्रिलमध्ये हैदराबादेत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभे राहिले. लक्षात घ्या, आपल्या सर्वांत मोठ्या अखिल भारतीय संस्थेचा जन्मच एका ऐच्छिक कायद्याच्या विरोधातून आहे. १९६६ मध्ये, तोही योगायोगाने १८ एप्रिललाच, हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले होते. त्या सातजणींना मिळालेला प्रतिसाद आणि १९७२ च्या अधिवेशनाला मिळालेला प्रतिसाद यांची तुलना केली, तर आपला समाज कशाने हलतो हे कळते. तो अन्यायाने हलतो त्यापेक्षा भीतीने अधिक हलतो.

त्या भीतीचे काय झाले हेही सांगायला हवे. १९ फेब्रुवारी २०१४ रोजी शबनम हाशमी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, बालन्याय कायद्याखाली मुसलमानालाही दत्तक घेता येईल, असे स्पष्ट केले. बोर्डाने तिथेही आक्षेप घेतला होता. आज ज्याला घ्यायचे तो घेतो, ज्याला कफालतवर थांबायचे तो थांबतो. कुणाच्या घरचा दीन बुडाला नाही.

पण मी भीतीला नुसती भीती म्हणून हसण्यावारी नेणार नाही. ऐच्छिक ते सक्तीचे व्हायला वेळ लागत नाही, हे आपण पाहिले आहे. २७ जानेवारी २०२५ पासून उत्तराखंडात समान नागरी संहिता लागू झाली. अनुसूचित जमाती वगळता ती सर्वांना बांधील आहे आणि लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही नोंदणी करायला लावते. महाराष्ट्रात १३ डिसेंबर २०२२ रोजी राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांची माहिती ठेवणारी समिती नेमली; ओरड झाल्यावर दोन दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द गळाला आणि 'आंतरधर्मीय' तेवढा उरला. त्या हिवाळ्यात गावोगावी जे मोर्चे निघाले ते कुणाच्या लग्नाविरुद्ध होते, हे सांगायला नको. असे असताना लग्नाच्या कायद्यात कुठलाही बदल नकोच, असे एखाद्या मौलानाला वाटले तर त्याला मी दोष देत नाही.

फक्त त्याने हे बोलून दाखवावे. आमचा विरोध मजहबी आहे की हा राजकीय धसका आहे, हे वेगवेगळे सांगावे. कारण दोहोंचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या दिवशीच न्यायालयाने स्पष्ट केले होते की, वैयक्तिक कायद्यांना ते हात लावणार नाही. प्रश्न केवळ विशेष विवाह कायद्याचा आहे. त्यानंतर निकाहाच्या व्याख्येला धोका उरला नव्हता. आपल्याला आपल्या कायद्याने जगू द्या, असे सतत म्हणणाऱ्या अल्पसंख्याक समाजाने, दुसऱ्यांना त्यांच्या नोंदणीने जगू देऊ नका, असे म्हणावे का? मला हा प्रश्न अडतो. जमियतचे वकील कपिल सिब्बल यांनाही तो काहीसा अडला असावा. अशा नात्यांतल्या माणसांविषयी सहानुभूती व्यक्त करून, मान्यता देणे मात्र कायदेमंडळाचे काम आहे, या अंगाने त्यांनी बाजू मांडली.

त्याच वसंतात त्याच कायद्याखाली आणखी एक लग्न झाले. केरळातील वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच पत्नीशी, डॉ. शीना यांच्याशी, पुन्हा लग्न नोंदवले. कारण सरळ होते. त्यांना तीन मुली, मुलगा नाही. शरीअतच्या वाटणीत मुलींना दोन तृतीयांश मिळून उरलेले भावांकडे जाते. विशेष विवाह कायद्याखालच्या जोडप्याला भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि सारे मुलींना मिळते. त्यावरही उलेमांनी टीका केली. म्हणजे हा कायदा आपल्यासाठी फक्त 'त्या लोकांचा' नाही. तीन मुलींचा बाप असलेल्या मुसलमानालाही त्याची वाट आहे, आणि ती वाट अरुंद राहावी असे ज्यांना वाटते त्यांची कारणे समलिंगी विवाहाच्या बरीच पलीकडे जातात.

या साऱ्या गदारोळात आपल्यातलेच जे तसे आहेत, त्यांचे कोणी नाव घेत नाही. फिकहच्या किताबांत वारसाहक्काच्या बाबात खुन्सावर स्वतंत्र चर्चा आहे. म्हणजे जन्माने वेगळे असलेल्यांच्या अस्तित्वाचा तरी आपल्या बुजुर्गांनी इन्कार केला नव्हता. बाकीच्यांविषयी बोलायला एक उर्दू लेखिका पुढे आली होती. इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' १९४२ साली आली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना लाहोरच्या कोर्टात उभे राहावे लागले. कथेतला अश्लील शब्द कोणता, हे काही फिर्यादी बाजूला दाखवता आले नाही. उर्दू अदबचे वर्ग घेणारे आम्ही शिक्षक आजही इस्मतआपांवर बोलतो तेव्हा ती एक कथा चुपचाप ओलांडून पुढे जातो.

बाहेर पाहिले तरी विरोधाचे चित्र सरळ धर्माधर्मांत विभागलेले नाही. ब्रिटनच्या पार्लमेंटात २०१३ मध्ये सादिक खान यांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने मत दिले आणि त्यांना धमक्या आल्या. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेतील हॅमट्रॅमक या शहराच्या संपूर्ण मुस्लिम कौन्सिलने सरकारी जागांवर समलिंगींचा झेंडा लावण्याला मनाई केली, तेव्हा याच मुसलमानांच्या पाठीशी कधी उभे राहिलेले लोक दुखावले गेले. तैवानमध्ये मुस्लिमांची संख्या नगण्य, तरी २०१८ च्या सार्वमतात बहुसंख्य मतदार विरोधात गेले. पुढल्या वर्षी तिथे कायदा झालाच. आणि भारतात? प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ५३ टक्के लोक बाजूने आणि ४३ टक्के विरोधात होते. विरोध करणाऱ्या संस्थांची यादी पाहून जितका वाटतो, तितका हा देश एकमताचा नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, यावर पाचही न्यायाधीश एकमत. नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी की नाही यावर तीन विरुद्ध दोन. चंद्रचूड आणि संजय किशन कौल अल्पमतात. तृतीयपंथी व्यक्तीला स्त्री-पुरुष नात्यात असल्यास प्रचलित कायद्याने लग्न करता येईल, हे मात्र पाचांनीही मान्य केले. विरोधकांपैकी फारच थोड्यांनी ते वाचले असावे. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात केंद्राने समिती नेमली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आडकाठी नाही, असा खुलासा काढला.

सुनावणीच्या वेळी केंद्राने राज्यांनाही मत विचारले होते. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने उत्तर दिले की, विचार करायला अधिक वेळ हवा. याचिकाकर्त्यांची आणखी एक मागणी होती, तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही : लग्नाआधी तीस दिवस नाव-पत्त्यांसह नोटीस लावायची आणि कुणाचाही आक्षेप मागवायचा, ही अट काढावी. ती अट समलिंगी जोडप्यांना जितकी जाचते, त्याहून कितीतरी अधिक आंतरधर्मीय जोडप्यांना जाचते. फलकावरची नावे वाचून कोण कुणाच्या घरी जाऊन पोहोचतो, हे या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. निकालाने त्या अटीला हात लावला नाही. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ती नोटीस पूर्वीसारखीच तीस दिवस लागते.